पाणथळीची वाट

वाटांचेही स्वभाव असतात. डोंगराची वाट मानी; ती माणसाच्या छातीचा दम जोखून पाहते आणि जो धापा टाकत का होईना वर पोचतो, त्यालाच शिखरावरचा वारा देते. रानाची वाट गूढ. चार पावलांपुढे काय आहे, हे ती कोणाला सांगत नाही. राजरस्ता तर सदाच घाईत असतो. त्यावरून जाणाऱ्याला वाटेपेक्षा मुक्कामाची ओढ अधिक. पाणथळीची वाट या सर्वांहून निराळी. तिला चढ नाही, उतार नाही, काटेरी वळणे नाहीत. सहा वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांची आजी एकमेकांचा हात धरून ती सहज चालून जातील. इतकी सोपी वाट शोधूनही सापडायची नाही. तरीदेखील ती नीट चालणारी माणसे थोडीच असतात; कारण येथे पायांची परीक्षा होत नाही, परीक्षा होते ती जिभेची, हातांची आणि धीराची.

नंदुरबार जिल्ह्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर, खांडबारा हे गाव आहे. हा नवापूर तालुक्याचा मुलूख. आषाढ-श्रावणात येथील भाताची खाचरे पाण्याने तुडुंब भरतात. अशा गावांतील मुलांना बांधावरून चालायला कोणी शिकवावे लागत नाही. एका बाजूस चिखल, दुसऱ्या बाजूस पाणी आणि मध्ये वीत-दीड वीत रुंदीचा बांध. त्यावरून शेतातल्या माणसांची भाकर घेऊन मुले बिनधोक जातात. धावले की घसरायचे, हे त्यांच्या तळव्यांना पाठ असते. खाचरात पांढरेशुभ्र बगळे उभे असतात. मूल सावकाश आपल्या वाटेने निघाले असेल, तर बगळा मान वर करून क्षणभर पाहतो आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो. तेच मूल आरडाओरडा करीत धावत आले, तर सारा थवा पंख झटकून दूरच्या शेतात निघून जातो. पाणथळीच्या वाटेचे सारे शास्त्र एवढ्या एका अनुभवात सामावले आहे. तोच धडा मोठ्या अक्षरांत वाचावयाचा असेल, तर मात्र खांडबाऱ्याहून पुष्कळ दक्षिणेला, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला जावे लागते.

नाशिक शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरीला कादवा नदी येऊन मिळते. या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी एक बंधारा बांधण्यात आला. त्यामागचा हेतू सरळ होता. सह्याद्री पावसाचे ढग आपल्या माथ्यावर रिते करून घेतो आणि त्याच्या पूर्वेकडील प्रदेश तहानलेला राहतो. या तहानलेल्या जमिनीला नदीचे पाणी द्यावे, म्हणून बंधाऱ्यापासून उजवा आणि डावा असे दोन कालवे काढले. कोपरगाव-राहात्याच्या बाजूची शेते त्या पाण्यावर भिजू लागली. बंधारा बांधणाऱ्यांच्या नकाशात नदी होती, कालवे होते, शेते होती. पक्षी त्या नकाशात कोठेच नव्हते.

परंतु नदी नकाशा पाहून वाहत नाही. ती पाण्याबरोबर माती घेऊन येते. पाण्याला वेग असतो तोवर माती त्याच्यासोबत प्रवास करते; वेग मंदावला की ती हळूच तळाशी बसते. बंधाऱ्यामागे पाणी थबकले आणि दर पावसाळ्यात तेथे गाळाचा एकेक थर चढू लागला. वर्षांमागून वर्षे गेली. पाणी उथळ झाले, मध्ये गाळाची बेटे उभी राहिली, कडेने पाणकणीस आणि लव्हाळे माजले. उथळ पाण्यात तळापर्यंत ऊन पोचते. ऊन पोचले की पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आश्रयाने किडे, गोगलगायी, बेडूक आणि मासे वाढतात. जेथे असे ताट वाढलेले असते, तेथे पाहुण्यांना आमंत्रण पाठवावे लागत नाही.

बंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. कारण जितका गाळ साचेल, तितके पाणी कमी मावणार. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र तोच गाळ अंगण ठरला आणि तोच ओसरीही ठरला. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. लोक त्याला कौतुकाने ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. गंमत अशी, की राजस्थानातील भरतपूरचे सुप्रसिद्ध केवलादेव उद्यानही माणसाने बांध घालून अडवलेल्या पाण्यातूनच निर्माण झाले आहे. माणसाने आपल्या गरजेसाठी पाणी अडवावे आणि सृष्टीने त्या पाण्यात आपलाही वाटा शोधून घ्यावा, हे या देशात पुष्कळ ठिकाणी घडले आहे.

नांदूर मध्यमेश्वर पाहावे ते हिवाळ्यात, आणि तेही दिवस उजाडता उजाडता. द्राक्षांचे मळे आणि कांद्याची शेते मागे टाकून प्रवासी चापडगावच्या बाजूने आत शिरला, की मातीची सपाट पायवाट लागते. अधूनमधून पक्षी पाहण्यासाठी उभारलेले मनोरे आहेत. जवळच्या गावांतील तरुण येथे वाटाड्याचे काम करतात. दुर्बिणीतून कोणता पक्षी कोठे पाहावा, हे ते नवख्या माणसाला दाखवून देतात. या वेळी पाण्यावर धुक्याची पातळ दुलई असते. प्रथम काहीच दिसत नाही. नुसते ऐकू येते. कोठे पाणी चुळबुळते, कोठे शिटीसारखा बारीक स्वर उठतो, कोठे पंखांचा फडफडाट होऊन विरतो. मग धुके विरळ होत जाते, आणि जे दगड वाटले होते ते पोहू लागतात, ज्या काठ्या वाटल्या होत्या त्या चालू लागतात.

घाईचा माणूस येथे येतो, इकडेतिकडे पाहतो आणि म्हणतो, “पक्षी आहेत खरे, पण सारे सारखेच!” जो अर्धा तास एके जागी उभा राहतो, त्याला मात्र दिसते की पाण्यावर एक मोठी पंगत बसली आहे आणि प्रत्येकाचा पाट निराळा आहे. शेकाट्याचे पाय काड्यांसारखे लांब आणि तांबूस. तो पोटाला पाणी लागू न देता उथळ पाण्यात फिरतो आणि बारीक चोचीने किडे टिपतो. चमच्या पक्ष्याची चोच टोकाला चपटी, अगदी पळीसारखी. ती पाण्यात बुडवून तो मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवीत चालतो आणि चोचीत जे सापडेल ते गिळतो. थापट्या बदकाच्या रुंद चोचीला कडेने चाळणी असते; पाणी बाहेर जाते आणि अन्न आत राहते. मुग्धबलाक नावाच्या करकोच्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. पाहणाऱ्याला ते व्यंग वाटते. पण गोगलगायीच्या कवचातून मांस बाहेर काढण्यात याच चोचीचा हातखंडा. पाणकावळा बुडी मारून मासा धरतो. आणि राखी बगळा काहीच न करता उभा राहतो, इतका वेळ की माशालाही तो तेथे आहे याचा विसर पडावा. खोल पाणी एकाचे, उथळ पाणी दुसऱ्याचे, चिखल तिसऱ्याचा, काठावरचे गवत चौथ्याचे. एकाच तळ्यावर शेकडो कुटुंबे नांदतात, ती अशी.

या पक्ष्यांची मराठी नावेही कान देऊन ऐकण्यासारखी आहेत. एका बदकाच्या चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात आणि तिचे टोक पिवळे असते; त्याला ‘हळदी-कुंकू’ असे नाव पडले. अंगाने काळाभोर आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी ‘वारकरी’ झाला. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून जो चालत जातो, तो ‘कमळपक्षी’. त्याच्या पायांची बोटे इतकी लांब असतात, की अंगाचा भार पानावर चहूकडे विभागला जातो आणि पान बुडत नाही. या कमळपक्ष्यांमध्ये अंडी उबवण्याचे आणि पिलांना सांभाळण्याचे काम नर करतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. अशी नावे कोणी विद्वानाने खोलीत बसून घडवलेली नाहीत. ती पाण्याकाठी आणि रानात राहणाऱ्या माणसांनी दिली. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी रानातील माणसांच्या सहवासात राहून अशी नावे ऐकली, जमवली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध करून मराठी भाषेची मोठी सेवा केली. ज्या वस्तूला नाव नसते तिच्याकडे माणसाचे लक्ष जात नाही. आणि ज्याचे नाव ठाऊक झाले, तो परका राहत नाही.

या पंगतीतील कित्येक पाहुणे फार दुरून आलेले असतात. थापट्या आणि तलवार बदक यांची घरटी उत्तर आशियाच्या थंड प्रदेशांत असतात. तेथे हिवाळ्यात पाणी गोठते आणि अन्न मिळेनासे होते. तेव्हा ते हजारो किलोमीटर उडून दक्षिणेकडे येतात. उंच मानेचे क्रौंचही असेच दुरून येणारे. पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, हे कळावे म्हणून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी कडी घालण्याचे मोठे काम केले. येथे कडे घातलेला पक्षी परदेशात सापडला, की त्याच्या प्रवासाचा एक पत्ता हाती लागे. पक्ष्याला सरहद्द ठाऊक नसते, हे म्हणायला सोपे. त्या एवढ्याशा कड्यांनी ते पुराव्यानिशी दाखवून दिले.

आता त्या सोप्या वाटेच्या अवघड परीक्षेकडे वळावे. समजा, एखाद्या पोराने गंमत म्हणून पाण्यात एक खडा भिरकावला. पाचशे बदके एकदम उडाली. आकाश पंखांनी भरून गेले, पोराने टाळ्या पिटल्या, बरोबरच्या माणसांनीही “वा!” म्हटले. दोन मिनिटांत बदके दूर जाऊन बसली. यात बिघडले काय, असे कोणालाही वाटेल. बिघडते ते असे. पाण्यावरून शरीर वर उचलायला पक्ष्याला फार शक्ती खर्चावी लागते. हिवाळाभर खाऊन तो जी चरबी साठवतो, तीच त्याची परतीच्या प्रवासाची शिदोरी. घिरट्या घालणारा भोवत्या हा शिकारी पक्षी आला, की जीव वाचवण्यासाठी बदके उडतात. तो खर्च त्यांना टाळता येत नाही. पण सकाळी एकाने खडा मारावा, दुपारी दुसऱ्याने कर्णा वाजवावा, संध्याकाळी तिसऱ्याने चित्र टिपण्यासाठी थेट काठापर्यंत घुसावे, असे रोज घडू लागले तर शिदोरी साठायची केव्हा? टाळी वाजवणाऱ्याला दोन मिनिटांची मौज मिळते. तिची किंमत हिमालयापलीकडच्या वाटेवर कोणीतरी दुसराच चुकती करतो.

म्हणून या वाटेवर चालण्याची एक रीत आहे. बोलणे हळू, पाऊल सावकाश, कपडे मातीच्या किंवा पाल्याच्या रंगाचे. पायवाट सोडून चिखलात उतरू नये. जमिनीवर घरटी करणारे पक्षीही असतात आणि त्यांची अंडी मातीच्याच रंगाची असतात. खाऊचे कागद पुन्हा पिशवीतच जावेत. पक्ष्यांना शेव-चिवडा घालणे ही दया नव्हे. त्यांचे ताट अगोदरच वाढलेले आहे. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कसे वागावे, हे प्रत्येक आई आपल्या मुलाला शिकवीत असते. येथे त्याहून अधिक काहीच मागितलेले नाही. आजीचा हात धरून चालणारे मूल ही रीत लवकर शिकते, कारण आजीची चाल मुळातच सावकाश असते. जो मागे राहतो त्याला पुष्कळदा अधिक दिसते, असा हा प्रदेश आहे.

तथापि, वाटसरूने शिस्त पाळली म्हणजे पाणथळीची सारी दुखणी मिटली, असे मात्र नाही. गोदावरी नाशिक शहरातून वाहत येथे येते. शहराने नदीत जे सोडले, ते तिच्याबरोबर पुढे येते. सांडपाण्याचे खत मिळाले की जलपर्णी माजते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिची जांभळी फुले मोहक, पण तिचा हिरवा गालिचा पाण्यावर पसरला, की खाली ऊन पोचत नाही आणि मासे गुदमरतात. दुसरा प्रश्न पाण्याच्या वाटणीचा. शेताला पाणी हवे, गावाला हवे, कारखान्याला हवे. यांतील कोणाची मागणी खोटी आहे, असे म्हणता येत नाही. उन्हाळ्यात पाणी थोडे उरते आणि मागणारे पुष्कळ असतात. त्या मागणाऱ्यांत पक्षी आणि मासे मुके असतात. ज्याला तोंड नाही, त्याचा वाटा कोणीतरी लक्षात ठेवावा लागतो. कोणाचे पाणी अजिबात न तोडता हे कसे साधावे, हा मोठ्या माणसांनाही अजून पुरतेपणी न सुटलेला हिशेब आहे. आज शाळेत बसलेल्या मुलांपैकीच कोणाला तरी तो उद्या सोडवावा लागेल.

पूर्वी दलदलीची जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असे मानीत. तिच्यात भर घाला, ती कोरडी करा, तेथे काहीतरी बांधा, म्हणजे ती ‘उपयोगी’ होईल, हा सर्वत्रचा समज होता. पण पूर आला, की हीच जागा पाण्याला हातपाय पसरू देते आणि त्याचा जोर ओसरवते. येथील मऊ चिखलात पाणी मुरते आणि गढूळ पाणी निवळते. जगाला हे उशिरा उमगले. इराणमध्ये, कास्पियन समुद्राकाठच्या रामसर गावी, २ फेब्रुवारी १९७१ रोजी अनेक राष्ट्रांनी पाणथळ जागा जपण्याचा करार केला. भारत १९८२ साली त्यात सहभागी झाला. या कराराच्या यादीत २०१९ साली नोंदले गेलेले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण. त्याचे नोंदलेले क्षेत्र १,४३७ हेक्टर असून तेथे वनस्पती व प्राणी मिळून ५३६ जातींची नोंद झाली आहे. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक चिमुकला मासाही त्यांत आहे. जगातून नाहीसा होण्याचा धोका असलेल्या जीवांत त्याची गणना होते. पुढे लोणारचे सरोवर २०२० साली आणि ठाण्याची खाडी २०२२ साली या यादीत आली.

यादीत नाव आले, की मनोरे उभे राहतात, पाहुणे येतात, पहारा बसतो. पण यादीत नसलेल्या पाणथळी किती असतील! गावोगावची तळी, पाझर तलावांच्या शेवाळलेल्या कडा, पावसाळ्यात भरणाऱ्या सखल जागा, खांडबाऱ्याच्या आसमंतातील भाताची खाचरे, या सर्वांवर तोच खेळ लहान प्रमाणात चालू असतो. तेथे पाटी नसते आणि वाटाड्या नसतो. पण बगळा तोच, खंड्या तोच, टिबुकलीची बुडीही तीच. त्या तळ्यात कचऱ्याची गाडी रिकामी होते की नाही, त्याच्या काठावर दोन झाडे उरतात की नाही, हे दूरच्या कोणत्या कचेरीत ठरण्याआधी गावातच ठरत असते.

नांदूर मध्यमेश्वरची वाट चालून परत येणाऱ्या माणसाच्या हातात काही नसते. त्याने फूल तोडलेले नसते, पीस उचललेले नसते, शिखर जिंकलेले नसते. तो गेल्यावर मातीत त्याच्या पावलांचे ठसे तेवढे राहतात, आणि थोड्याच वेळाने टिटवीच्या पायांची नक्षी त्यांवर उमटते. ज्याच्या येण्याने पंगत मोडली नाही आणि ज्याच्या जाण्याची कोणी दखल घेतली नाही, तो वाटसरू या परीक्षेत उत्तीर्ण झाला असे समजावे.